काखेतला थर्मास

९ मे

झुल्माने ही वही आणली. मुखपृष्ठावर टोपलीत बसलेली मांजराची पिल्लं. दवाखान्यात सांगितलंय म्हणे, रोज चार ओळी लिहिल्या की डोक्याला चालना मिळते. म्हाताऱ्या माणसाला पिल्लांची वही. दुकानात दुसरी नव्हती का विचारलं, तर म्हणाली, "होती की. पण दिवसभर तुझं तोंड बघायचं, म्हटलं घरात काहीतरी गोजिरं असावं."

बायकोची जीभ शाबूत आहे. माझीही आहे. फेब्रुवारीत, ऐन उन्हाळ्यात, मी न्हाणीघरात कोसळलो. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी, म्हणून शरीराची डावी बाजू गेली. बोलणं वाचलं. पाय काठीच्या आधाराने परत आला. डावा हात आधी ओल्या फडक्यासारखा लोंबत होता, आता दिवसेंदिवस घट्ट होतोय. कोपरात वाकून बरगड्यांना चिकटतो, मूठ आपोआप वळते. ताकद परत येतेय, दुसरं काय. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणायची, रोज ताणा, रोज बोटं उघडा. दोरीवर कपड्यांचे चिमटे लावायला सांगायची. ज्याच्या सहीने मोंतेविदेओच्या बाजारातली गाड्याच्या गाड्या मासळी खड्ड्यात पुरली गेली, त्याने चिमटे लावायचे. जाणं बंद केलं.

मी महापालिकेचा अन्न-तपासनीस होतो. पेटीचं झाकण निघायच्या आधी सांगायचो, आत परवाचा माल आहे. बाजारात माझ्या पाठीमागे मला 'शिकारी कुत्रा' म्हणायचे. मला ते आवडायचं. नाक अजून तसंच आहे, आणि जगातली घाणही तशीच आहे.

झुल्मा आत्ताच डोकावून विचारून गेली, पानाची डावी बाजू कोरी का सोडतोस. कुठे सोडतोय?

१४ मे

आज एक शोध लागला. माझी डावी काख थर्मास धरते. नुसती धरत नाही, पकडून ठेवते. धडधाकट होतो तेव्हासुद्धा कधी कधी सुळकन घसरायचा, आता ओढून काढावा लागतो. मूठही तशीच. झुल्माने बोटं जरा सैल करून त्यात येर्बाचा, म्हणजे गरम पाणी ओतून नळीने प्यायच्या आमच्या कडू पाल्याचा तुंबा बसवला, बोटं त्याच्याभोवती मिटली आणि तुंबा जागचा हलेना. रांबलावर, किनाऱ्याच्या रस्त्यावर, जाऊन बघा, पोलीस असो, गरोदर बाई असो, कॉलेजचं पोरगं असो, सगळे असेच चाललेले असतात: डाव्या काखेत थर्मास, त्याच हातात तुंबा. माझा हात तेच करतोय, आणि मी न सांगता.

काठी टेकत थेट बाकावर गेलो. समुद्राकडे तोंड केलेला तो बाक आमचाच आहे. (शाळेत शिकवतात की ही नदी आहे. शिकवोत.) हेबेर आणि दार्दो बसलेलेच होते. हेबेर बस चालवायचा, दार्दोचं केशकर्तनालय होतं. मी आडवा होतो तोवर ओतायचं काम हेबेरकडे गेलं होतं. हेबेर पाणी उकळतो. उकळत्या पाण्याने येर्बा जळते, कडूशार आणि मेलेली लागते, आणि हा माणूस ती जळकी घाण इतके दिवस दार्दोला पाजत होता.

दार्दो मला बघून म्हणाला, "अरे, हा तर थर्मास घेऊन आला. याला काय धाड भरलीय?"

हेबेरने आपला थर्मास पिशवीत घातला. मी बसलो आणि उजव्या हाताने ओतलं. पहिला कडवट तुंबा ओतणाऱ्याने स्वतः प्यायचा असतो, तो प्यायलो. तिसऱ्या फेरीला दार्दोने डोळे मिटले. बाकावर ओतणारा मी आहे, इतकी वर्षं मीच होतो. ते गेलं तर तिथे मी कोण? काठीवाला म्हातारा, ज्याला सगळे विचारतात, आज कसं वाटतंय.

तुंबा मुठीतून उपसताना थोडा पाला सांडतो, पाणीही बोटांत उतरतं. चटका लागत नाही, ते बरंच आहे.

२१ मे

तपासणी. डॉक्टर कोवळा पोरगा, टेबलावर त्याचाही थर्मास. मी आत शिरलो तसा तो खूश झाला.

"वा, थर्मास धरलाय. मग हात उत्तमच म्हणायचा."

चालून दाखवलं. रक्तदाब बघितला. कागदावर 'प्रगती समाधानकारक' लिहिलं आणि पुन्हा हिवाळा संपताना या म्हणाला.

बाहेर झुल्मा फणफणत होती. "त्याने हात बघितलासुद्धा नाही."

"बघितला की."

"थर्मास बघितला."

बायकांना डॉक्टरने तोंड पाडून वाईट बातमी दिल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही.

३ जून

घरात वास येतोय. दोन-तीन दिवस संशय होता, आज खात्री झाली. आंबूस, ओलसर, तळाशी गोडसर. बुरशी आहे, आणि बुरशीखाली काहीतरी प्राण्याचंही आहे. फ्रिज रिकामा केला. अर्धं चीज आणि सगळं हॅम टाकून दिलं. झुल्मा म्हणाली, काल आणलेलं हॅम होतं ते. मी म्हटलं, बाजारातले सगळे असंच म्हणतात.

संध्याकाळी पुन्हा तोच वास. हॅम नव्हतं म्हणजे.

८ जून

मोरी असणार. प्लंबर आला, जाळी उचकटली, केसांचा एक गोळा काढला. पण वास त्याचा नव्हता. प्लंबरलाही वास आला होता, त्याने नाक फडफडवून माझ्याकडे बघितलं आणि खिडकी उघडली. माझ्या घरातली खिडकी माझ्या सांगण्यावाचून उघडायची नसते.

झुल्मा त्याच्यादेखत म्हणाली, "म्हाताऱ्या, तुझा हात एकदा नीट धुऊ दे मला."

"माझे हात मी धुतो," म्हटलं. धुतोच. साबण लावून, जेवायच्या आधी आणि नंतर. प्लंबरसमोर बायकोने नवऱ्याचे हात धुवायचे म्हणजे उद्या नाकही पुसेल.

१२ जून

वरच्या मजल्यावरचा कुत्रा. त्याच्या मालकिणीला जिन्यात गाठून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सिन्योर विल्मर, आमचा कुत्रा नाताळातच गेला." तरीही.

१९ जून

दार्दो मला बघून म्हणाला, "आज अर्धीच दाढी? उरलेली उद्या करणार का?" डावा गाल तसाच राहिला होता म्हणे. झुल्माने न्हाणीघरात स्वस्तातला मिणमिणता दिवा लावलाय, त्यात काय दिसणार.

झुल्माने आज बोटं उघडायचा प्रयत्न केला. खांद्यापर्यंत कळ गेली. मी ओरडलो, हात लावू नकोस. ती म्हणाली, "आता तू सांगितल्याशिवाय लावायची नाही." दार लावून स्वयंपाकघरात बसली. चांगलं झालं.

२९ जून

एकोणतीस तारीख, म्हणून न्योकी, बटाट्याचे उकडलेले गोळे. ताटाखाली नोट ठेवून खाल्ली की महिनाभर घरात बरकत राहते. माझ्या ताटात मोजकीच होती. मी संपवून आणखी मागितली, तर झुल्मा माझ्या ताटाकडे बोट करून म्हणाली, "ती डावीकडची कोण खाणार?" डावीकडे काही नव्हतं. मग तिने ताट फिरवलं आणि निम्मं ताट न्योकी समोर आली. ही बाई हातचलाखी कुठून शिकली?

एक गोष्ट लिहायची राहिली. तिने स्वतःसाठी वेगळा तुंबा काढलाय. आमच्या लग्नापासून आम्ही एका नळीने पितो. सर्दीतसुद्धा, भांडणातसुद्धा. आता ती सकाळी आपला तुंबा भरून खिडकीशी बसते. म्हणे तिला गोड येर्बा आवडायला लागलीय. येर्बात साखर. मला बघवत नाही.

७ जुलै

कडाक्याची थंडी, तरी बाकावर गेलो. तिथेही वास होता. किनाऱ्यावर शेवाळं कुजलं असणार.

त्या दोघांचं आजचं वर्तन मला कळलं नाही. आमच्यात तुंबा देताघेताना कुणी आभार मानत नाही. रिकामा तुंबा परत देताना माणूस 'आभारी आहे' म्हणाला तर त्याचा अर्थ, पुरे, आता मला नको. हेबेर पहिल्याच तुंब्यानंतर म्हणाला, "आभारी आहे." मी म्हटलं, बरा आहेस ना? म्हणाला, पोट बिघडलंय. मग दार्दोही म्हणाला, "आभारी आहे." दोघांची पोटं एका दिवशी बिघडतात म्हणजे हे कुठलं तरी कळकट हॉटेल शोधून आले असणार. राहिलेला थर्मास मी एकट्याने संपवला. तेवढं पाणी पिऊन मला मळमळलं.

दार्दो नेहमी माझ्या डावीकडे बसतो. आज उठून उजवीकडे गेला, वारा लागतो म्हणे. वारा उजवीकडूनच होता.

१६ जुलै

हेबेर थर्मास घेऊन आला. मी असताना, माझ्या बाकावर.

"हे काय?" मी विचारलं.

"काही नाही रे, तुला त्रास नको. हिवाळा आहे. तू आराम कर, मी ओततो."

"मला कसला त्रास? हा बघ हात." मी कोपर उचलून दाखवायला गेलो. थर्मास जागचा हलला नाही, इतका घट्ट. "तुझा असा धरतो का?"

हेबेर समुद्राकडे बघत राहिला. दार्दो बूट बघत राहिला. बस चालवण्यात जन्म गेलेला माणूस, ब्रेक कधी लावायचा तेवढं कळतं त्याला. मी उठून निघालो. मागे वळलो तेव्हा दार्दो हेबेरचा तुंबा घेत होता. जळकी येर्बा, आणि चवीने पीत होता. मला त्या दोघांची शिसारी आली. सरळ सांगा की, तुझी सद्दी संपली.

वास घरापर्यंत माझ्यामागे आला. म्हणजे शेवाळ्याचा नाही. कोटाचा असेल. झुल्माला कोट धुवायला दिला. तिने कोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि रडायला लागली. कोटावर रडायचं काय आहे?

२८ जुलै

आज लिहायचं नव्हतं. पण वहीवरची पिल्लं सकाळपासून माझ्याकडे बघतायत.

झुल्माने मला न विचारता दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. डॉक्टर इदाल्मिस, क्यूबाची. आखडलेल्या स्नायूंचंच काम करते. वयाने मुलीसारखी. मी आत शिरलो आणि ती म्हणाली, "ये राजा, बैस. ती बाटली खाली ठेव बघू."

राजा. आणि अरे-तुरे. मी म्हटलं, "बाटली नाही, थर्मास आहे."

"तेच ते. टेबलावर ठेव."

"का? मला जड होत नाही."

"तुला होत नसेल, पण मला हात बघायचाय. तुमच्या देशात आल्यापासून मला कुणाचा डावा हातच दिसलेला नाही. सगळे काखेत काहीतरी घालून फिरतात. आमच्याकडे कुणी असा हात धरून आला असता, तर आधी दारावरच्या शिपायाने विचारलं असतं, याला झालंय काय."

मी थर्मास उपसला आणि टेबलावर ठेवला. मग मुठीतून तुंबा उपसला आणि तोही ठेवला. आणि हात तसाच राहिला. कोपर दुमडलेलं, दंड बरगड्यांना दाबलेला, मनगट आत, मूठ मिटलेली. नसलेला थर्मास धरून. भिंतीवर आरसा होता, त्यात मी तो बघितला. मी म्हटलं, खाली कर. हात खाली झाला नाही.

"ही ताकद नाही राजा," ती म्हणाली. "मेंदूचा लगाम सुटला की स्नायू आपलेआप आवळत जातो. त्याला उघडायचा असतो, रोज. तू त्याला मिटायचंच काम दिलंस."

मग तिने मूठ घेतली. मी म्हटलं, दुखतं. ती म्हणाली, माहितेय. तिने बोटं ओढली नाहीत. मनगट आणखी आत वाकवलं, धरून ठेवलं, थांबली, मग अंगठ्याच्या बुडाशी धरून एकेक बोट सोडवलं. आणि वास आला.

मला कळायला क्षणही लागला नाही. तोच वास. आंबूस, ओलसर, तळाशी गोडसर. फ्रिज, मोरी, वरच्या मजल्यावरचा मेलेला कुत्रा, शेवाळं, कोट. तळहातात येर्बाचा काळपट हिरवा लगदा होता, कुजून एकजीव झालेला. त्याखाली कातडी पांढरी, भिजून सुरकुतलेली, आणि नखं रुतली होती तिथे ओल्या चंद्रकोरी. अशी पेटी बाजारात माझ्यासमोर उघडली असती तर मी अख्खी गाडी पुरायला सांगितली असती.

मला ओकारी आली. डॉक्टरने पायाने टोपली पुढे सरकवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि झुल्माला म्हणाली, कोमट पाणी घे. स्वतः तिने नाकसुद्धा आक्रसलं नाही. त्याचा मला राग आला. कुणीतरी तोंड फिरवायला हवं होतं.

"मी मे महिन्यापासून सांगतेय, हात धुऊ दे," झुल्मा म्हणाली.

"मी धुतो हात."

"एक धुतोस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळं गाव हुंगून आलो.

डॉक्टरने सरळ सांगितलं. डोळे धड आहेत, पण मेंदू डावीकडचं मोजतच नाही, मान वळवून बघायला शिकायचं. अजून स्नायू आखडलेलाच आहे, पुरता आखूड झालेला नाही. आणखी काही महिने असाच ठेवला तर जागीच बसेल, मग सुरीशिवाय सुटायचा नाही. सुई देता येईल, त्याने स्नायू सैल पडतो, आणि त्याच काळात ताणायचं, फळीला बांधायचं, रोज, दुखलं तरी. "पण ऐक, सुई दिली की ही पकड जाईल. तुझा थर्मास काखेत राहणार नाही, तुंबा मुठीत राहणार नाही. उलट काही दिवस हात आणखी निकामा वाटेल. बोटं पुढेमागे किती काम देतील ते मी आज सांगू शकत नाही. विचार कर आणि सांग."

मी म्हटलं, विचार करतो. झुल्माने थर्मास उचलला आणि आपल्या काखेत घातला. 

२९ जुलै

न्योकी. ताट स्वतः फिरवून बघितलं. डावीकडे खरोखरच निम्मं जेवण होतं.

२ ऑगस्ट

बाकावर गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाऊ? ते माझ्या हातून प्याले, आणि त्या वेळी माझी मूठ त्यांच्या नाकाशी होती. एकेक प्रसंग आठवत राहतो. प्लंबरने उघडलेली खिडकी. रडणारी झुल्मा, हातात कोट.

सुई घेणार नाही असं ठरवलंय. हात आता स्वच्छ आहे, रोज धुतला जाईल, मुठीत कापडाची गुंडाळी आहे. मग थर्मास का सोडायचा? उन्हाळ्यात बाकावर जाईन, स्वच्छ हाताने ओतेन. पकड गेली तर परत कुणी मला ओतायला सांगणार नाही. हेबेरच्या हातून जळकी येर्बा प्यायची आणि वर 'कसं वाटतंय' ऐकायचं, त्यापेक्षा हात गेला तरी चालेल. हे झुल्माला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "वा. आणि त्या मिटलेल्या हाताला शर्ट कोण घालणार? हेबेर?"

६ ऑगस्ट

दार्दो घरी आला. झुल्माने बोलावलं असणार, दोघांचीही तोंडं फार निष्पाप होती. पेटी उघडून त्याने वस्तरा काढला आणि माझी दाढी करायला घेतली. दोन्ही गाल. गळ्यावर वस्तरा असताना माणसाला उठून जाता येत नाही, हे न्हाव्याला बरोबर माहीत असतं.

मी विचारलं, "तुला कळलं होतं?"

"बेशुद्ध माणसालाही कळलं असतं."

"मग बोलला का नाहीस?"

तो वस्तरा पुसत बसला. "कोण बोलणार? जन्मभर तू दुसऱ्यांना सांगत आलास, तुझा माल सडलाय. तुला कोण सांगणार, विल्मर? हेबेर तीन वेळा सांगायला निघाला होता. शेवटी म्हणाला, आपण ओतायचं काढून घेऊ, म्हणजे तो भांडेल, पण निदान तुंबा त्या मुठीत राहणार नाही."

"भेकड आहात दोघे."

"आहोतच. मान वर कर."

मी मान वर केली. मला राग आला होता आणि त्यातच रडूही येत होतं, आणि फेस लावलेला असल्याने दोन्ही दाबून धरावं लागलं.

"हेबेरचं पाणी भयंकर असतं रे," दार्दो म्हणाला. "माझी जीभ भाजलीय. पण तू ये. तू ओतावंस म्हणून आम्ही बोलावत नाही तुला."

"मग कशाला?"

"आम्हाला शिव्या द्यायला कुणी नाही."

तो गेल्यावर झुल्माला म्हटलं, त्या क्यूबन बाईला फोन कर.

१३ ऑगस्ट

सुया घेतल्या. दंडात, कोपराखालच्या आवळलेल्या हातात, बोटांच्या मुळाकडे जाणाऱ्या स्नायूंत. डॉक्टर म्हणाली, "शाब्बास राजा." तिचं ते 'राजा' बंद करायचं काही औषध मिळतं का ते विचारायला हवं होतं.

वरच्या मजल्यावरच्या बाईने जिन्यात विचारलं, सुया कसल्या घेतल्यात. झुल्माने सांगून टाकलं, सुरकुत्या घालवायला बायका तोंडाला टोचतात तेच औषध. आता अख्ख्या इमारतीत बोभाटा झालाय की विल्मर ओलिवेराने तरुण दिसायला सुया घेतल्या.

२० ऑगस्ट

रोज सकाळी झुल्मा हात कोमट पाण्यात धरते, मनगट वाकवते, बोटं सोडवते, धुते, प्रत्येक बोटाच्या बेचक्यातून कापड फिरवते. मग तळहात नाकाशी नेऊन हुंगते. लाज नाही, काही नाही. मग फळीला बांधते. काल म्हणाली, "अजून येतोय थोडा." मी हुंगलं. येत होता. खोटं बोलली असती तर मी ओळखलं असतं.

दुखतं. लिहिण्यासारखं नाही इतकं दुखतं.

३१ ऑगस्ट

काल सांता रोसाचं वादळ झालं, दरवर्षीसारखं. झुल्माने पीठ तळून गोड पुऱ्या केल्या होत्या. ती गॅसजवळ असताना मी जुना थर्मास काखेत घालून बघितला. कुणाला सांगायचं नव्हतं, फक्त बघायचं होतं. क्षणभर राहिला. मग दंड सुटला, बरगडीपासून बाजूला झाला आणि थर्मास फरशीवर पडून आतली काच फुटली. माझ्या सासऱ्याने दिलेला थर्मास.

मी तिथेच उभा. आता ओतणं कायमचं गेलं, एवढंच डोक्यात होतं. झुल्मा धावत आली, काचांकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. हात अंगापासून सुटून लोंबत होता.

"पडला?" तिने विचारलं.

"दिसत नाही का?"

ती खाली बसून काचा गोळा करायला लागली आणि हसत होती. वडिलांचा थर्मास फुटलाय आणि ही बाई हसतेय. मी म्हटलं, वेड लागलं का. ती म्हणाली, "लागू दे."

१८ सप्टेंबर

बाकावर गेलो. झुल्मा सोबत आली, नवा थर्मास तिच्या काखेत. हेबेर उठून उभा राहिला, बस थांब्यावर लावल्यासारखा. मी त्याच्याशेजारी बसलो आणि हात मांडीवर उघडा ठेवला, फळीसकट, बघायचा तर बघा. दोघांनी बघितला. बघून किळस आली असेल तर दाखवली नाही, आणि मी त्यांना त्याबद्दल भेकड म्हटलं नाही.

ओतलं हेबेरने. जळकी. मी प्यालो, तोंड वाकडं केलं, सांगितलं की या पाण्यात कोंबडीची पिसं उपटता येतील. हेबेर म्हणाला, "आला. आता बरं वाटलं."

मला बरं वाटलं नाही. दुसऱ्याच्या हातात ते काम बघवत नव्हतं. पण दुसऱ्या फेरीला मी तुंबा घेतला. तिसऱ्यालाही.

५ ऑक्टोबर

डॉक्टरकडे. बोटं स्वतःहून थोडी उघडतात. पुरती नाही, अंडं मावेल इतकी. मिटतातही, पण हळू, आणि मला विचारून. ती म्हणाली, औषधाचा जोर उतरेल, पुन्हा सुया लागतील, आणि ताणणं जन्मभराचं आहे. जन्म आता उरलाय किती, असं मी म्हटलं. "तुझ्यासारखे खवट लोक फार जगतात राजा," ती म्हणाली.

चिमटे लावणाऱ्या मुलीकडे परत जातोय. चिमटे अजूनही मूर्खपणाचे आहेत.

१२ ऑक्टोबर

आज ही ओळ पानाच्या डाव्या कडेपासून लिहिली आहे. झुल्माने कडेला लाल रेघ मारून दिली, म्हणाली, रेघ दिसेपर्यंत मान वळव.

सकाळी ती उठायच्या आधी पाणी ठेवलं. उकळू दिलं नाही. ओला रुमाल मांडीवर पसरला, त्यावर डावा हात उताणा ठेवला, बोटं उघडायची वाट बघितली आणि तळहातात तुंबा बसवला. उजव्या हाताने ओतलं. थोडं पाणी बोटांवर सांडलं, आणि भाजलं. मी शिवी दिली. भाजल्याबद्दल शिवी द्यायला मला आजच्याइतका आनंद कधी झाला नव्हता.

पहिला कडवट तुंबा मी प्यालो. झुल्मा आली, तिने ते सगळं बघितलं, रुमाल, सांडलेला पाला, पाणी. खिडकीवरचा आपला साखरेचा तुंबा तिने हातात घेतला होता, तो तसाच खाली ठेवला. माझ्यासमोर बसली. मी दुसरा तुंबा भरला आणि डाव्या हातानेच पुढे केला. मला त्या हाताची अजून किळस येते, हे लिहून ठेवतो. तिने आधी माझा तळहात हुंगला, नाक मुरडलं, मग तुंबा घेतला. नळी न पुसता ओठांत धरली आणि तळ खुळखुळेपर्यंत ओढत राहिली.

मग रिकामा तुंबा तिने माझ्या हातात परत दिला. आभार मानले नाहीत. मी पुन्हा भरला.